ट्रॅक्टर अडला? पॅडल दाबू नका, सोडा!

व्हिडिओत घाईत सांगितलेलं इथे नीट लिहितोय.

बदलापूर-मुरबाडकडे फार्महाऊस आहेत, कल्याण-डोंबिवलीत मोठ्या सोसायट्यांची लॉन. गवत कापणं, माती हलवणं अशी कंत्राटं घेणाऱ्याला छोटा ट्रॅक्टर कामाचा. पण गिअरचा की हायड्रोस्टॅटिक, म्हणजे एचएसटी? आपल्याकडे बहुतेक गिअरचेच. २०१७ साली आलेला २४ एचपीचा महिंद्रा जिवोसुद्धा. एचएसटी अमेरिकेत, लॉन आणि लोडरच्या कामाला भरपूर चालतो.

यात इंजिन पंप फिरवतं, पंप दाबाने तेल मोटरकडे ढकलतो आणि मोटर चाकं फिरवते. पॅडल दाबलं की पंपातल्या प्लेटचा तिरकेपणा बदलतो, तसा वेग बदलतो. पुढे-मागे जायला क्लच लागत नाही. गिअरलेस स्कूटरसारखं सोपं, फक्त बेल्टऐवजी तेल.

चालवताना लक्षात ठेवा:

१. सीटबेल्ट लावा. ब्रेक दाबलेला, पीटीओ बंद, पॅडल मोकळं, मगच स्टार्ट.
२. लो-हाय रेंज ट्रॅक्टर पूर्ण थांबवूनच बदला.
३. इंजिनाचा आरपीएम हाताच्या लिव्हरने सेट करा, वेग पॅडलने सांभाळा. गवत दाट असेल तर पॅडल हलकं करा. कटर तसाच जोरात फिरत राहतो.
४. लोड आला, इंजिन दबलं, की नवीन माणूस पॅडल आणखी दाबतो. इथे उलटं आहे: पॅडल थोडं सोडलं की वेग कमी, ओढ जास्त.
५. उतारावर लो रेंज ठेवा, मध्येच न्यूट्रल करू नका. उभा करताना पार्किंग ब्रेक हवाच. इंजिन बंद झाल्यावर तेलाच्या भरवशावर ट्रॅक्टर थांबत नाही.

आता धंद्याचं गणित. तेलातून ताकद जाताना थोडी वाया जाते, तेल तापतं. त्यामुळे तासन् तास नांगरट किंवा भाताची चिखलणी करायची असेल तर गिअरचाच घ्या, डिझेल वाचेल. दर मिनिटाला पुढे-मागे करायचं काम असेल, तर एचएसटीने वेळ आणि ऑपरेटरचा पाय, दोन्ही वाचतात.

म्हणून बुकिंगचे पैसे देण्याआधी हातातली कामं वहीत लिहा. दोन रकाने करा: सलग ओढायचे तास आणि पुढे-मागे करायचे तास. आणि डीलरला विचारा, "याचं तेल, फिल्टर आणि पंप दुरुस्त करणारा माणूस कल्याणच्या आसपास आहे का?" उत्तर गोलमोल आलं तर थांबा. मशीन बंद पडलं तरी हप्ता बंद होत नाही!