तलावकाठच्या वनांचे संरक्षण आणि लोकसहभाग : नागपूर शहराच्या संदर्भात

प्रस्तावना :
अंबाझरी, फुटाळा व गोरेवाडा हे नागपूरच्या पश्चिम व वायव्य भागातील प्रमुख तलाव होत. त्यांच्या परिसरातील शुष्क पानझडी वृक्ष, झुडपे व गवत पावसाच्या पाण्याचा वेग कमी करतात, मातीची धूप रोखतात आणि त्यामुळे तलावात गाळ कमी साचतो. २३ सप्टेंबर २०२३ रोजी पहाटे अतिवृष्टीमुळे अंबाझरी तलाव ओसंडून वाहिला व लगतच्या वस्त्यांत पाणी शिरले. तलाव, त्याचे पाणलोट क्षेत्र आणि शहर यांचा वेगवेगळा विचार करता येत नाही, हे त्यावरून स्पष्ट होते. या वनभूमीच्या संरक्षणात लोकसहभागाचे स्वरूप काय असावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

भूमी-न्यासाची कल्पना :
इंग्लंडमध्ये १८९५ साली नॅशनल ट्रस्टची स्थापना झाली. १९०२ साली या संस्थेने डर्वेंटवॉटर सरोवराच्या काठचे ब्रँडलहाउ हे सुमारे १०८ एकरांचे वन लोकवर्गणीतून विकत घेतले. खासगी जमीन विकत घेऊन ती कायमची राखणे हे या पद्धतीचे सूत्र होय. नागपुरात ते जसेच्या तसे लागू पडत नाही. येथील तलावकाठची वनभूमी मुख्यतः सार्वजनिक संस्थांच्याच ताब्यात आहे. म्हणून येथे खरा प्रश्न मालकीचा नसून वापराचा आहे. गोरेवाडा वनक्षेत्रातच २०२१ मध्ये प्राणिउद्यानाची सफारी सुरू झाली. भूमी सार्वजनिक असली तरी तिचा वापर बदलू शकतो, याचे हे उदाहरण होय.

कायद्याची मर्यादा :
पाणथळ जागांसंबंधीच्या २०१७ च्या केंद्रीय नियमांतून पिण्याच्या पाण्यासाठी वा सिंचनासाठी खास बांधलेले मानवनिर्मित जलाशय वगळण्यात आले आहेत. फुटाळा तलाव या व्याख्येत बसत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये दिला. मात्र सार्वजनिक विश्वस्ततेचे तत्त्व मानवनिर्मित जलाशयांनाही लागू होऊ शकते, असेही न्यायालयाने नमूद केले. थोडक्यात, 'तलाव' म्हणून मिळणारे संरक्षण अपुरे असल्याने काठावरील वनास स्वतंत्र कायदेशीर आधार मिळणे आवश्यक ठरते.

उपलब्ध मार्ग :
(१) वन्यजीव संरक्षण अधिनियमातील २००२ च्या दुरुस्तीनुसार राज्य शासनास स्थानिक लोकांशी विचारविनिमय करून शासकीय भूमीवर 'संवर्धन राखीव क्षेत्र' घोषित करता येते. त्याच्या व्यवस्थापन समितीत वन्यजीव क्षेत्रातील अशासकीय संस्थांचे तीन प्रतिनिधी असतात.
(२) जैविक विविधता अधिनियम, २००२ नुसार स्थानिक स्वराज्य संस्थेने जैवविविधता व्यवस्थापन समिती स्थापन करणे बंधनकारक आहे. लोकजैवविविधता नोंदवही तयार करणे हे या समितीचे कार्य होय. याच अधिनियमाखाली गडचिरोली जिल्ह्यातील आलापल्लीच्या वनास २०१४ मध्ये जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला.
(३) वनहक्क अधिनियम, २००६ अन्वये मेंढा (लेखा) या गावास २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाले. हा मार्ग वननिवासींसाठी असल्याने शहरास थेट उपयोगी नाही. तथापि वन राखणारा समाज संघटित व माहितीसंपन्न असावा लागतो, हा त्याचा धडा शहरासही लागू पडतो.

निष्कर्ष :
नागपूरच्या तलावकाठच्या वनांना ग्राहकाची नव्हे, तर जागरूक विश्वस्तांची गरज आहे. विश्वस्ताचे पहिले साधन म्हणजे विश्वसनीय नोंद. कोणती झाडे व पक्षी कोठे आहेत, पाणी कोणत्या वाटेने तलावात येते आणि कोणती भूमी कोणत्या नावावर आहे, याची लेखी माहिती नसेल तर हरकत नोंदविण्याच्या मुदतीत नागरिकांजवळ केवळ भावना उरते. वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र व भूगोल विभागांनी विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांतून दरवर्षी अशी नोंद ठेवून ती समितीस सादर केल्यास महाविद्यालये या कार्यात मोलाची भर घालू शकतील.