सायकलवाल्याचा दर आणि गिऱ्हाइकाचा विश्वास

सकाळी सायकल दुकानात टाकताना सांगितलेला आकडा आणि संध्याकाळी ती परत घेताना मागितलेला आकडा यांत जे अंतर पडते, त्याचा अनुभव सायकल वापरणाऱ्या प्रत्येकाला केव्हा ना केव्हा आलेला असतो. ‘ब्रेक तेवढे बघा’ असे सांगून गेलेला माणूस परत येतो, तेव्हा ब्रेकचे गुटके, दोन्ही केबल, चेन आणि मागचा टायर एवढे सारे बदललेले असते. का बदलले, या प्रश्नाला ‘पार गेले होते’ एवढेच उत्तर मिळते. जुने सामान दाखवा म्हणावे, तर ते भंगाराच्या ढिगात केव्हाच मिसळलेले असते. गिऱ्हाईक पैसे मोजते, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला सायकल हवीच असते. पण आपण फसविले गेलो ही शंका ते बरोबर घेऊन जाते. ती शंका खरी असेल किंवा निराधारही असेल. ती पडताळून पाहण्याचे साधन मात्र त्याच्यापाशी नसते, आणि खरी मेख तेथेच आहे.

दहा-वीस रुपयांच्या या तक्रारीची दखल कशाला घ्यावयाची, असे कोणी म्हणेल. परंतु २०११च्या जनगणनेत देशातील सुमारे ४५ टक्के कुटुंबांकडे सायकल असल्याची नोंद झाली होती. पहाटे वृत्तपत्रे टाकणारा मुलगा, रात्रपाळीचा रखवालदार, दूधवाला, बांधकामावरचा मजूर, चार-पाच कोसांवरच्या शाळेत जाणारी मुलगी ही सायकलच्या दुकानाची नित्याची गिऱ्हाइके होत. त्यांची सायकल एक दिवस दुकानात पडून राहिली, तर त्या दिवसाचा रोजगार किंवा शाळा बुडते. मोटारीच्या दुरुस्तीत शे-दोनशे रुपये इकडेतिकडे झाले तर मालकाच्या घरची चूल बंद पडत नाही. सायकलच्या बाबतीत तसे छातीठोकपणे सांगता येत नाही.

भाड्याच्या सायकलींचा काळ

पुण्याला सायकलींचे शहर म्हणत, त्या काळात हा प्रश्न अगदीच नव्हता असे नाही. एका पंक्चरची तीन पंक्चरे करणाऱ्या कारागिराचे किस्से तेव्हाही पेठापेठांतून सांगितले जात. गिऱ्हाइकाची नजर चुकवून ट्यूबला टोचा मारल्याचा आरोप जुनाच आहे. तरीही त्या व्यवहाराला दोन भक्कम आधार होते.

पहिला आधार सायकलच्या घडणीचा. वरळीच्या हिंद सायकल्सची असो, आसनसोलच्या सेन-रॅलेची असो, सोनीपतच्या अ‍ॅटलसची असो की लुधियानाच्या हिरोची, रस्त्यावरची काळी सायकल जवळजवळ एकाच साच्याची होती. तोच अठ्ठावीस इंची टायर, तेच सळ्यांचे ब्रेक, तीच कॉटर पिनेने बसविलेली क्रँक. एका कंपनीचा भाग दुसरीला चाले आणि एका दुकानाचा दर दुसऱ्या दुकानाला ठाऊक असे. चाकाचा आउट काढणे, छर्रे बदलणे, ओव्हरहॉलिंग करणे या कामांचे भाव गिऱ्हाइकाला तोंडपाठ असत. कित्येक घरांत वडील मंडळी रविवारी सकाळी सायकल उलटी करून पंक्चर स्वतःच काढीत. घमेल्यातल्या पाण्यात ट्यूब बुडवून बुडबुडे पाहण्याचे शिक्षण मुलांना घरीच मिळे. ज्याला काम कळते त्याला फसविणे अवघड असते.

दुसरा आधार अधिक सूक्ष्म होता. दुरुस्तीची बहुतेक दुकाने तासावर सायकली भाड्यानेही देत. मडगार्डवर क्रमांक रंगविलेल्या त्या सायकलींची देखभाल दुकानदार स्वतःच्या खर्चाने करी. एखादा भाग निष्कारण बदलला तर ते नुकसान त्याचेच होई. त्यामुळे आहे तो भाग जास्तीत जास्त दिवस कसा टिकवावा, ही विद्या त्याच्या हातात मुरलेली होती, आणि तिचा लाभ बाहेरच्या गिऱ्हाइकालाही आपोआप मिळे. स्कूटर आणि मोटरसायकल घरोघर आल्या, भाड्याचा धंदा बसला, आणि त्याबरोबर भाग टिकविण्यातला दुकानदाराचा स्वार्थही संपला.

खोक्यातून येणारी सायकल

आजच्या दुकानात या दोन्ही आधारांपैकी एकही उरलेला नाही. चाकांचे आकार वीसपासून एकोणतीस इंचांपर्यंत नाना प्रकारचे. मागच्या चाकावरचे दाते कोठे सहा चकत्यांचे, कोठे अकरा-बारांचे. ब्रेक कोठे गुटक्यांचे, कोठे तबकडीचे, तर कोठे तेलाच्या दाबावर चालणारे. एकीचा भाग दुसरीला बसेलच याची शाश्वती नाही. अशा वेळी ‘हा भाग यालाच लागतो, आणि तो इतक्यालाच मिळतो’ हे कारागिराचे वाक्य निमूटपणे मान्य करण्याखेरीज गिऱ्हाइकाला गत्यंतर नसते.

तक्रारींचा आरंभ खरेदीपासूनच होतो. नवी सायकल कारखान्यातून अर्धवट जोडलेल्या अवस्थेत खोक्यातून येते. ती जोडणे, चाके सरळ करणे, ब्रेक व गिअर जुळविणे हे काम दुकानाने करावयाचे असते. परंतु छापील किंमत ठरल्यावर ‘फिटिंग’चे पैसे निराळे सांगितले जातात, स्टँड, घंटी, मडगार्ड, कुलूप यांची यादी वाढत जाते. काही ठिकाणी हे जादा सामान घेतल्यावाचून सायकलच मिळत नाही. पाच-सात हजारांची सायकल हिशेब करून घ्यावयास आलेल्या बापाला मुलीसमोर नाही म्हणवत नाही, हे दुकानदाराला पुरते ठाऊक असते. बरे, जोडणीचे वेगळे पैसे घेऊनही ती नीट होतेच असे नाही. नव्या सायकलचे हँडल सैल, ब्रेक रिमला घासणारे आणि पेडल आठवड्यात निखळलेले, हा अनुभव दुर्मिळ नव्हे.

त्यात आता आणखी एका कटकटीची भर पडली आहे. मोठ्या दालनातून किंवा घरपोच मागवून घेतलेली सायकल गल्लीतल्या दुकानात नेली, की ‘जेथून घेतली तेथेच न्या’ हे उत्तर मिळते. विकणारे दालन शहराच्या दुसऱ्या टोकाला असते. २०२०च्या महामारीत टाळेबंदीनंतर अनेक सुखवस्तू मंडळी सायकलकडे वळली. जगभर सायकलींना मागणी आली आणि सुट्या भागांचा तुटवडा पडला. त्या दिवसांत भाग येईपर्यंत महिनोगणती थांबावे लागले. महाग सायकलींचे हे गिऱ्हाईक दुकानदाराला अर्थातच प्रिय झाले आणि जुन्या काळ्या सायकलचा मालक दाराशी ताटकळत उभा राहू लागला. पन्नास हजारांच्या सायकलपुढे रखवालदाराच्या पंक्चरचा क्रमांक शेवटी लागतो, हे कोणी बोलून दाखवीत नाही. पण उभे राहणाऱ्याला ते समजते.

दुकानदाराचे म्हणणे

एवढ्यावरून सगळे दुकानदार लबाड असा निवाडा देणे अन्यायाचे होईल. त्यांचीही एक बाजू आहे आणि ती नीट ऐकून घ्यावयास हवी. वाकड्या चाकाचा आउट काढणे हे तार्‍यांशी चाललेले सबुरीचे काम आहे. एक तार आवळावी तर दुसरी ढिली करावी लागते. हात आणि डोळा दोन्ही तयार असावे लागतात. अर्धा-पाऊण तास त्यात सहज जातो. त्याची मजुरी सांगितली, की गिऱ्हाईक म्हणते, ‘नुसत्या तारा पिळण्याचे एवढे पैसे?’ तेच गिऱ्हाईक नवी रिम बसविली, तर तिची किंमत आणि बसविण्याची मजुरी दोन्ही फारशी कुरकुर न करता देते. वस्तू हातात दिसते, कौशल्य दिसत नाही. जे दिसते त्याचे पैसे द्यावयाचे आणि जे दिसत नाही त्यावर घासाघीस करावयाची, ही गिऱ्हाइकाची रीत झाली आहे.

याचा परिणाम जो व्हावयाचा तोच झाला. दुरुस्तीत पोट भरत नाही आणि भाग विकण्यात भरते, हे दुकानदाराला उमगले. दुकानाचे भाडे, विजेचे बिल, हाताखालच्या मुलाचा पगार हे सारे शेवटी सुट्या भागांवरच्या नफ्यातून निघावयाचे. मग जो भाग घासून-पुसून वर्षभर चालला असता तो बदलण्याचा मोह होणारच. हाताशी आलेला कारागीर मोटरसायकलच्या दुकानात जातो, कारण तेथे त्याच कष्टांचे अधिक पैसे मिळतात. उरतो तो शिकाऊ मुलगा, आणि त्याच्या हातून बिघडलेल्या कामाचा बोभाटा दुकानाच्या नावावर होतो. कौशल्याचा भाव गिऱ्हाइकाने पाडला, आणि आता कौशल्य मिळत नाही म्हणून तेच तक्रार करीत आहे, असा हा उलटा न्याय आहे.

कायदा, पावती आणि फूटपट्टी

ग्राहकाच्या हक्काची जाणीव महाराष्ट्राला नवी नाही. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ साली पुण्यातून ग्राहक पंचायतीचे काम उभे केले. देशाचा ग्राहक संरक्षण कायदा त्यानंतर बारा वर्षांनी, १९८६च्या डिसेंबरात झाला. त्याची जागा घेणाऱ्या २०१९च्या कायद्यानुसार पावती न देणे हीच अनुचित व्यापारी प्रथा ठरते. पावतीवर मुदत नमूद नसेल, तर सदोष वस्तू तीस दिवसांच्या आत परत घेण्यास नकार देणे, हीदेखील अनुचित प्रथाच. जिल्हा आयोगाकडे पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला शुल्कही पडत नाही. कागदावर ही व्यवस्था चोख आहे. परंतु दीडशे रुपयांच्या चेनसाठी दीडशे रुपये रोजाचे पाणी करून आयोगाच्या पायऱ्या कोणी झिजवीत नाही. लहान व्यवहारातला न्याय दुकानाच्या उंबरठ्यावरच व्हावा लागतो.

तो होण्यासाठी फार मोठी यंत्रणा नको. दुकानाच्या दर्शनी भागी मजुरीच्या दरांचा फळा असावा. काम घेताना काय करावयाचे आणि अंदाजे किती खर्च येईल हे चिठ्ठीवर लिहून द्यावे. त्याहून अधिक काही निघाले, तर गिऱ्हाइकाला आधी विचारावे. खिशाखिशांत फोन असण्याच्या काळात हे मुळीच अशक्य नाही. बदललेला जुना भाग गिऱ्हाइकाच्या हातात द्यावा. नको असेल तर ते टाकून जाईल. आणि भागाची किंमत व मजुरी यांचे आकडे पावतीवर वेगवेगळे असावेत. २२ सप्टेंबर २०२५पासून सायकली व त्यांचे सुटे भाग यांवरचा वस्तू व सेवा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. ही सवलत गिऱ्हाइकापर्यंत पोहोचली की मधल्यामध्ये जिरली, हे पावतीवाचून कळणार तरी कसे?

गिऱ्हाइकानेही थोडे शिकून घेणे अगत्याचे आहे. चेन झिजली की नाही हे शाळेतल्या फूटपट्टीने मोजता येते. दोन लगतच्या पिनांमधले अंतर अर्धा इंच असते; म्हणजे चोवीस अंतरांचे बरोबर बारा इंच भरावयास हवेत. ते इंचाच्या सोळाव्या भागाने वाढले, तर चेन बदलण्याची वेळ आली असे समजावे; आठव्या भागापर्यंत वाढू दिले, तर दातेही झिजलेले असण्याचा संभव फार. वेळेवर एक चेन बदलली तर मागच्या चकत्यांचा मोठा खर्च वाचतो. एवढे ज्याला ठाऊक आहे त्याला ‘पार गेली होती’ हे वाक्य ऐकून घ्यावे लागत नाही. शिवाय कारागीर खरे बोलत असेल, तर त्याच्यावर अविश्वास दाखविण्याचे पापही त्याच्या हातून घडत नाही.

मुलींच्या सायकली

शासनाचेही या बाबतीत काही कर्तव्य आहे. मानव विकास कार्यक्रमाखाली मागास तालुक्यांत शाळेपासून दूर राहणाऱ्या आठवी ते बारावीच्या मुलींना सायकलीसाठी साहाय्य दिले जाते. योजना स्तुत्य आहे. परंतु सायकल देताना हार-तुरे होतात, आणि ती सहा महिन्यांनी नादुरुस्त होऊन पडवीत उभी राहते तेव्हा विचारणारे कोणी नसते. जवळचे दुकान तालुक्याच्या गावी. तेथवर सायकल न्यावयाची तर दिवस मोडतो. या पैशांबरोबर पंक्चरचे सामान, दोन-तीन पाने आणि हवा भरण्याचा पंप शाळेत ठेवला, आणि त्याचा उपयोग मुलींनाच शिकविला, तर कित्येक सायकली चालत्या राहतील. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांनी सायकल दुरुस्तीचा लहानसा अभ्यासक्रम मनावर घेतला, तर गावोगाव एक पोट भरेल आणि अनेकांची सोय होईल.

पुण्यात २०१७ साली सायकल आराखडा झाला, वाटेत उचलून वाटेत ठेवावयाच्या भाड्याच्या सायकली आल्या, आणि काही काळातच त्यांतल्या बहुतेक दिसेनाशा झाल्या. मार्ग आखले म्हणजे सायकल चालते, असा समज असेल तर तो अपुरा आहे. सायकल चालते ती कोपऱ्यावरच्या त्या दहा फुटी दुकानाच्या जोरावर. त्या दुकानात दर उघड असावेत आणि मजुरीला मान असावा, एवढेच मागणे आहे. दुकानदाराने जुना भाग हातात ठेवावा आणि गिऱ्हाइकाने कसबाचा मोबदला कुरकुर न करता द्यावा. यांतली एक गोष्ट दुसरीवाचून फार दिवस टिकणारी नाही.