रंग साठवला म्हणजे जोडला असं नाही

दिवाळी अंक छपाईला जायच्या आदल्या संध्याकाळी संपादक म्हणतात, "मथळ्यांचा किरमिजी फार काळपट वाटतोय, जरा उजळ करा." पानं लावणारा निर्धास्त असतो, कारण तो रंग त्यानं सुरुवातीलाच पॅलेटमध्ये जतन केलेला असतो. तो पॅलेटमधला किरमिजी बदलतो, पण पानांवर काहीच बदलत नाही. मग रात्रभर एकेक मथळा निवडून त्यात नवा रंग भरत बसायचं. डीटीपी करणाऱ्यांच्या वाट्याला येणारी ही जागरणं टाळता येण्याजोगी आहेत, म्हणून ती जास्त खटकतात. त्यांच्या मुळाशी बहुतेक वेळा एकच समजूत असते: रंग पॅलेटमध्ये टाकला की तो सगळीकडे जोडला गेला.

तसं होत नाही. इलस्ट्रेटरमध्ये साध्या प्रोसेस स्वॉचवर, म्हणजे पॅनेलमध्ये जतन केलेल्या रंगावर, क्लिक केलं की त्या रंगाचे आकडे आकाराला मिळतात आणि दोघांचा संबंध तिथेच संपतो. संबंध टिकवायचा तर स्वॉचच्या पर्यायांत 'ग्लोबल'वर खूण करावी लागते. मग त्याच्या कोपऱ्यात छोटा पांढरा त्रिकोण दिसतो, आणि तो स्वॉच बदलला की तो वापरलेला प्रत्येक आकार बदलतो. इनडिझाइनमध्ये मात्र पॅनेलमधला प्रत्येक स्वॉच मुळातच जोडलेला असतो. तिथून इलस्ट्रेटरकडे येणारे नेमके इथेच फसतात.

कोरलमध्ये उजव्या कडेची रंगपट्टी फक्त रंग भरते. फाइलमध्ये वापरलेले रंग आपोआप गोळा करणारं डॉक्युमेंट पॅलेट पाहून अनेकांना वाटतं, हीच ती जोडणी. पण ती नुसती यादी असते. खरी जोडणी 'कलर स्टाइल्स'मध्ये आहे. २०१२ च्या एक्स६ आवृत्तीपासून तिथे रंगांचे 'हार्मनी' गटही करता येतात, म्हणजे अख्खा गट एकदम फिरवता येतो. इंकस्केपमध्येही खालच्या पट्टीतला रंग केवळ नकलून येतो. जोडलेला रंग हवा असेल तर 'फिल अँड स्ट्रोक'मध्ये 'स्वॉच' हा प्रकार निवडावा लागतो.

काम अर्ध्यावर आलं असेल तरी वेळ गेलेली नसते. इलस्ट्रेटरचा 'अ‍ॅड यूज्ड कलर्स' हा आदेश चित्रातले प्रोसेस रंग ग्लोबल करून पॅनेलमध्ये आणतो, आणि कोरलमध्ये संपूर्ण फाइलमधून कलर स्टाइल्स तयार करता येतात.

नावाकडेही लोक फारसं लक्ष देत नाहीत. स्वॉचला आकड्यांचंच नाव राहू दिलं, किंवा नुसतं 'लाल' म्हटलं, तर उद्या तो हिरवा झाल्यावर पंचाईत होते. 'मथळा', 'चौकट', 'जाहिरात पट्टी' अशी कामावरून नावं द्यावीत. चौकटीमागच्या फिकट छटेसाठी वेगळा स्वॉच नको. ग्लोबल रंगाचीच १५ टक्के छटा घ्यावी, म्हणजे मूळ रंग बदलला की तीही बदलते.

दुसरा मोठा गैरसमज आकड्यांचा. "आकडे तेच ठेवले, मग रंग वेगळा का आला?" हा प्रश्न प्रत्येक छापखान्यात ऐकू येतो. सीएमवायके आकडे म्हणजे शाईचं प्रमाण. डोळ्याला दिसणारा रंग त्यात नोंदलेला नसतो. कोरलच्या मूळ पॅलेटमधला नारिंगी ०-६०-१००-० असतो. तोच आर्ट पेपरवर तेजदार येतो आणि शाई शोषणाऱ्या मॅपलिथोवर मंदावतो. फ्लेक्सच्या यंत्राची शाई आणि प्रोफाइल दोन्ही निराळी, म्हणून तिथे आणखी तिसराच दिसतो. पडद्यावरच्या आरजीबीत १,६७,७७,२१६ मिश्रणं होतात, पण त्यातले झगझगीत भगवे आणि पोपटी चार शाईंच्या आवाक्याबाहेर राहतात. म्हणून मी आग्रहानं सांगेन की रंगांची नावं तीच ठेवून दोन पॅलेट करा, एक पडद्यासाठी आणि एक छपाईसाठी. छपाईचे आकडे ठरवताना त्याच कागदावर, त्याच यंत्रावर रंगांचे चौकोन छापून घ्या आणि त्यातून निवडा.

पॅलेट एकदा केलं की ते सगळ्या फाइलींत मिळेल, हेही खरं नाही. इलस्ट्रेटरचे स्वॉच त्या त्या फाइलबरोबर राहतात. दुसरीकडे न्यायचे तर लायब्ररी म्हणून जतन करावे लागतात. अडोबीच्या प्रोग्रॅमांत देवाणघेवाण करणाऱ्या एएसई फाइलीत ग्रेडियंट, पॅटर्न आणि छटा जात नाहीत. गिम्प आणि इंकस्केपची जीपीएल फाइल साध्या मजकुराची, कोणत्याही एडिटरमध्ये उघडणारी, पण तिच्यात फक्त आरजीबी मावतो. सीएमवायके आकडे वेगळे लिहून ठेवलेलेच बरे.

पॅन्टोनचा क्रमांक दिला की रंग कायमचा सुरक्षित, असंही मानलं जातं. १९६३ पासूनची ही पद्धत छपाईत आजही मोलाची आहे. पण नोव्हेंबर २०२२ मध्ये अडोबीच्या प्रोग्रॅमांतून पॅन्टोनची बहुतेक लायब्ररी काढली गेली, आणि फोटोशॉपच्या काही जुन्या फाइलींत ते रंग काळे दिसू लागले. क्रमांकाबरोबर त्याचे लॅब आणि सीएमवायके आकडे नोंदलेले असतील, तर असं काही झालं तरी काम अडत नाही.

रंगचक्रातून आपोआप निघालेली जोडी वाचता येईलच, असंही नाही. साध्या आकाराच्या मजकुरासाठी वेबवरचा मान्य निकष ४.५:१ विरोधाचा (कॉन्ट्रास्टचा) आहे. पांढऱ्यावर शुद्ध पिवळा जेमतेम १.०७ ला पोचतो, आणि शुद्ध लालसुद्धा ४ च्या आसपास अडकतो.

शेवटी साफसफाई करताना एक सांभाळा. इलस्ट्रेटरमध्ये वापरात असलेला ग्लोबल स्वॉच पुसला तर पानांवर रंग तसाच दिसत राहतो, पण आतून तो साधा प्रोसेस रंग झालेला असतो आणि जोडणी तुटलेली असते. म्हणून आधी 'सिलेक्ट ऑल अनयूज्ड' हा आदेश द्या, आणि त्यात निवडले जातील तेवढेच पुसा.