ऋणकोचे गैरसमज

'झाकली मूठ सव्वा लाखाची' ही म्हण आपल्या समाजात कर्जाच्या बाबतीत जितक्या निष्ठेने पाळली जाते तितकी क्वचितच अन्य कोणत्या बाबतीत पाळली जात असेल. लग्नकार्य, घर, आजारपण किंवा धंद्यातील खोट यांपायी काढलेल्या कर्जाचे हप्ते थकू लागले, वसुलीचे फोन येऊ लागले, की गृहस्थ ती गोष्ट प्रथम पत्नीपासून लपवितो, मग कचेरीतील सहकाऱ्यांपासून लपवितो, आणि अखेर स्वतःपासूनही लपवू लागतो, म्हणजे बँकेकडून आलेली पाकिटे न फोडताच कपाटात टाकून देतो. व्याज मात्र दिवसागणिक चढतच असते. या लपवालपवीच्या मुळाशी लज्जा असते हे खरे. परंतु कायद्याचा हात कोठवर पोहोचतो, धनको काय करू शकतो, आणि सल्ला कोण व कशासाठी देतो, यांविषयीच्या कित्येक चुकीच्या समजुती त्या लज्जेला खतपाणी घालीत असतात. लज्जा उपदेशाने जात नाही. समजुती मात्र वस्तुस्थिती पुढे ठेवल्याने दुरुस्त होऊ शकतात, आणि त्या दुरुस्त झाल्या म्हणजे लज्जेचाही बराचसा आधार निघून जातो, असे माझे मत आहे.

कर्जाबाबत सल्ला घेणे हा बुडीत निघालेल्या माणसाचा शेवटचा उपाय आहे आणि ही पद्धतच मुळी परदेशातून आलेली आहे, अशी एक समजूत सुशिक्षितांतही आढळते. तिच्या दुसऱ्या अर्ध्या भागाला उत्तर आपल्याच इतिहासात आहे. 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे गावी कुळांनी सावकारांची घरे व दुकाने घेरून कर्जखते हस्तगत केली आणि जाळली. ते लोण पुणे-अहमदनगर भागात पसरले, सरकारने चौकशी आयोग नेमला, आणि त्यातून 1879 चा दख्खन कृषक साहाय्य कायदा निघाला. खतावर लिहिलेला आकडा अंतिम न मानता त्यामागचा सारा हिशेब उकलून पाहण्याचा अधिकार या कायद्याने न्यायाधीशास दिला, सावकाराने पावती व हिशेबाचा उतारा दिलाच पाहिजे असे ठरविले, आणि दावा न्यायालयात जाण्यापूर्वी धनको व ऋणको यांच्यात समेट घडवून आणणारे सलोखाधिकारी नेमण्याची तरतूद केली. पुढे 1939 साली मुंबई इलाख्यात शेतकऱ्यांसाठी कर्ज-तडजोड मंडळांचा कायदा आला. त्रयस्थासमोर हिशेब मांडून फेड ठरविणे ही रीत, एवंच, आपल्या मातीत दीडशे वर्षांपूर्वीच रुजलेली आहे. पहिल्या अर्ध्या भागाविषयी एवढेच सांगता येईल, की वैद्याकडे ज्वराच्या पहिल्या दिवशी गेलेला आणि सन्निपात झाल्यावर नेलेला यांत जो भेद असतो तोच येथेही असतो. कर्जाची बाकी सलग 90 दिवसांहून अधिक काळ थकली की बँक ते खाते अनुत्पादक ठरविते. त्या मुदतीच्या आत मुदतवाढीचा वा हप्ता उतरविण्याचा लेखी अर्ज करणाऱ्याच्या पदरात बोलणी करण्यासारखे काही तरी असते, आणि तीच विनंती मुदतीनंतर केली तर तिचे वजन पुष्कळच घटलेले असते.

सर्वांत दारुण भीती तुरुंगाची. 'पोलीस घरी येतील', 'वॉरंट निघाले आहे', असे वसुलीवाल्याने फोनवर दटावले की भलेभले गळाठतात. वास्तविक कर्ज फेडता न येणे हा आपल्या कायद्यात गुन्हा नाही; ते दिवाणी देणे आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेत हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीसाठी ऋणकोस दिवाणी कैदेत ठेवण्याची तरतूद आहे खरी, परंतु ती ऐपत असून जो बुद्ध्या पैसे देत नाही किंवा इस्टेट लपवितो त्याच्यासाठी, आणि केवळ दारिद्र्यामुळे फेड न करू शकणाऱ्यास या मार्गाने कैदेत टाकता येणार नाही असे सर्वोच्च न्यायालयाने 1980 सालीच, जॉली जॉर्ज वर्गीस यांच्या खटल्यात, न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्या लेखणीतून स्पष्ट केलेले आहे. ही कैद फार तर तीन महिन्यांची. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी स्त्रीला अटकच करता येत नाही. आणि गंमत अशी, की ऋणकोच्या कैदेतील निर्वाहभत्त्याचे पैसे धनकोलाच न्यायालयात भरावे लागतात, त्यामुळे व्यवहारचतुर धनको सहसा या वाटेस जात नाही.

येथे एक अपवाद मात्र ठळकपणे लक्षात ठेवावा. दिलेला धनादेश पैशांअभावी परत गेला, आणि नोटीस पोहोचल्यापासून पंधरा दिवसांत रक्कम भरली नाही, तर परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम 138 खाली फौजदारी फिर्याद होऊ शकते आणि दोन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो; खात्यातून आपोआप वळता होणारा हप्ता परत गेल्यासही तशीच तरतूद 2007 च्या एका कायद्यात आहे. म्हणून कोरे सही केलेले धनादेश कोणाच्या हाती देण्यासारखा अविचार नाही, आणि अशी नोटीस आल्यावर ती कपाटात टाकण्यासारखा आत्मघात नाही.

जप्तीविषयीही अशीच अतिरंजित कल्पना असते, की बेलीफ येईल आणि चुलीवरच्या तपेल्यासकट सारे घर धुऊन नेईल. दिवाणी संहितेचे कलम 60 ज्याने शांतपणे वाचले त्याला ही भीती उरणार नाही. अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, धर्माचाराप्रमाणे स्त्रीने अंगावेगळा करू नये असा अलंकार, कारागिराची हत्यारे, शेतकऱ्याची औते, लागतील तेवढी गुरे आणि बियाणे, यांपैकी कशावरही जप्ती बसत नाही. भविष्यनिर्वाह निधीही सुटलेला आहे. पगारापैकी पहिले एक हजार रुपये आणि उरलेल्याचे दोन-तृतीयांश अलग ठेवावे लागतात, म्हणजे 31,000 रुपये पगार असणाऱ्याचे दरमहा 10,000 च जप्त होऊ शकतात, आणि तेही एका हुकूमनाम्यापोटी एकंदर चोवीस महिन्यांपलीकडे नाही. तारण ठेवलेल्या घराची गोष्ट निराळी. तेथे 2002 च्या कायद्याप्रमाणे बँक साठ दिवसांची नोटीस देऊन, दाव्याविनाच, ताबा घेण्याची कारवाई करू शकते. फेडीचा क्रम लावताना राहते घर ज्यात गुंतले आहे तो हप्ता म्हणूनच अग्रस्थानी ठेवावा लागतो.

बापाचे ऋण मुलाने फेडलेच पाहिजे, ही समजूत धर्मशास्त्रातून आली आणि दीर्घकाळ न्यायालयांनीही ती मानली. परंतु हिंदू वारसा कायद्यातील दुरुस्तीने, 9 सप्टेंबर 2005 पासूनच्या कर्जांपुरती, केवळ पुत्रधर्म म्हणून येणारी ही जबाबदारी संपुष्टात आली. वारसाकडे मृताची जी मिळकत आली असेल तिच्या मर्यादेपर्यंतच देणे वसूल होते. दहनविधी उरकतो न उरकतो तोच विधवेपुढे किंवा मुलापुढे 'कर्ज आपल्या नावावर घेतो' अशा कागदावर सहीसाठी जो लेखणी धरतो त्याला आधी दाराबाहेर बसवावे. जामिनाच्या बाबतीत लोकांचा गैरसमज याच्या अगदी उलट आहे. 'सही नुसती नावाला असते' असे म्हणून मेहुण्यासाठी वा मित्रासाठी जामीन राहणाऱ्यास ठाऊक नसते, की करार कायद्याच्या कलम 128 प्रमाणे, करारात निराळे ठरले नसेल तर, त्याचे दायित्व मूळ ऋणकोइतकेच असते, आणि धनको मूळ ऋणकोस वगळून थेट त्याच्या दारी येऊ शकतो.

तीन वर्षे गप्प बसले की कर्ज आपोआप बुडते, असे सांगणारे व्यवहारपंडितही पुष्कळ. मुदतीच्या कायद्याने साध्या कर्जासाठी तीन वर्षांची मुदत आहे, मात्र गहाणाच्या पैशासाठी ती बारा वर्षे आहे. शिवाय मुदत संपण्याआधी दिलेली लेखी कबुली, किंवा स्वतःच्या हस्ताक्षराने वा सहीने नोंदविलेला थोडासा भरणा, मुदत पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. मुदत संपली तरी जातो तो दावा. ऋण जात नाही, आणि पतनोंदीवरचा डागही जात नाही.

आता हिशेबाकडे येतो, कारण कायद्याच्या अज्ञानाहून हिशेबाच्या अज्ञानाने माणसे अधिक बुडतात. क्रेडिट कार्डाच्या मासिक पत्रकावर 'किमान देय रक्कम' म्हणून जो आकडा छापलेला असतो तो भरला की आपण देण्यातून मोकळे झालो, अशी समजूत पगारदार तरुणांत सार्वत्रिक आहे. समजा, एक लाख रुपये बाकी आहे, व्याज दरमहा साडेतीन टक्के आणि किमान रक्कम बाकीच्या पाच टक्के आहे. पहिल्या महिन्याचे व्याज झाले 3,500, त्यावर अठरा टक्के वस्तू व सेवा कर 630, भरले 5,000, तेव्हा मुद्दल उतरले ते अवघे 870 रुपयांनी. कार्डावर नवी खरेदी एका पैचीही न करता वर्षभर हाच क्रम चालविला तर 57,000 रुपयांहून अधिक भरणा होतो आणि देणे उरते 90,000! शिवाय बाकी शिल्लक असेपर्यंत नव्या खरेदीवर पहिल्या दिवसापासून व्याज चढते. ज्याच्या पेढीवरील लॉकरमध्ये दोन तोळे सोने पडून आहे आणि जो चाळीस टक्के वार्षिक व्याज मुकाट्याने भरतो आहे, त्याने ते सोने बँकेत गहाण ठेवून वा प्रसंगी मोडून कार्डाचे देणे आधी चुकते करावे. पण येथे हिशेब आडवा येत नाही, सासूबाईंनी घातलेल्या पाटल्या आडव्या येतात.

'बारा टक्के' हा शब्दही दोन प्रकारे वापरला जातो. मुद्दल घटत जाईल तसे व्याजही घटत जाणारे बारा टक्के निराळे आणि सरळ, म्हणजे मूळ मुद्दलावर अखेरपर्यंत आकारलेले, बारा टक्के निराळे. एक लाखावर दोन वर्षांचे सरळ व्याज 24,000 धरून चोवीस हप्ते पाडले तर हप्ता सुमारे 5,167 रुपयांचा पडतो, आणि घटत्या मुद्दलावर मोजल्यास तो दर साडेएकवीस टक्के भरतो. एका कर्जासाठी दुसरे कर्ज काढावे की नाही, याचे उत्तर या एका मोजणीवर अवलंबून आहे: नवा दर खरोखरच कमी असेल आणि जुने कार्ड कायमचे बंद होणार असेल तरच ते काढावे.

गावोगावच्या 'दरमहा शेकडा पाच'चा अर्थ वार्षिक साठ टक्के होतो. महाराष्ट्राच्या 2014 च्या सावकारी नियमन कायद्यानुसार परवाना असलेल्या सावकारालाही इतके घेता येत नाही. शासनाने शेतकऱ्यांसाठी तारणी कर्जास 9 व विनातारण कर्जास 12 टक्के, आणि इतरांसाठी अनुक्रमे 15 व 18 टक्के अशी कमाल मर्यादा घातली. बेकायदा सावकाराने पंधरा वर्षांच्या आत कर्जापोटी बळकावलेली जमीन परत मिळविण्यासाठी सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करता येतो.

तडजोडीने सर्व काही मिटते, हेही अर्धसत्य आहे. एकरकमी तडजोडीत बँक काही रक्कम सोडते, पण पतनोंदीत खाते 'पूर्ण फेड' असे न दिसता 'तडजोड' असे दिसते, आणि रिझर्व्ह बँकेच्या 2023 च्या आदेशानुसार शेतीकर्ज वगळता इतर कर्जांत ती बँक निदान बारा महिने त्या ऋणकोस नवे कर्ज देत नाही. ज्याची ऐपत सरलेली आहे त्याने ती अवश्य करावी. ज्याला दोन वर्षे ओढून पूर्ण फेड जमेल त्याने करू नये. तडजोडीचे पत्र हाती आल्याविना पैसे भरू नयेत. पूर्ण फेड झाल्यावर बँकेने मूळ दस्तऐवज तीस दिवसांत परत करावयाचे असतात, आणि तिच्याच दोषामुळे विलंब झाला तर दर दिवसास 5,000 रुपये भरपाई द्यावयाची असते.

मग जावे कोणाकडे? 'हप्ते भरणे थांबवा, आमची फी भरा, निम्म्यात मिटवून देतो' अशी जाहिरात करणाऱ्यांकडे जाऊ नये. हप्ते थांबल्याने पत जाते ती ऋणकोची, आणि फी मिळते ती त्यांना. बँकांनी चालविलेली आर्थिक साक्षरता केंद्रे सल्ल्याबद्दल पैसे घेत नाहीत. त्यांचा ठावठिकाणा जिल्ह्याच्या अग्रणी बँकेच्या कार्यालयात मिळतो. तालुक्याच्या विधी सेवा समितीकडे स्त्रिया आणि अनुसूचित जाती-जमातींचे लोक उत्पन्नाची अट न लागता मोफत वकील मागू शकतात, आणि लोकन्यायालयात दोन्ही पक्षांच्या संमतीने झालेला निवाडा हुकूमनाम्याइतकाच बंधनकारक असतो व त्यावर अपील नसते, म्हणून तेथे मान डोलावण्यापूर्वी आकडा आपल्याला झेपेल का हे पाहावे. कोठेही जाताना एक ताव कागद बरोबर असावा: धनकोचे नाव, मूळ रक्कम, आजची बाकी, दर, तारण, जामीन, शेवटच्या भरण्याची तारीख, आणि दुसऱ्या बाजूस घराचा महिन्याचा जमाखर्च, ज्यात वाण्याचे बिल आणि मुलांची फी यांबरोबर विड्याकाडीचाही आकडा खरा लिहिलेला असावा.

वसुलीसाठी सकाळी आठच्या आधी व सायंकाळी सातनंतर फोन करणे, नातेवाइकांना गाठणे, चारचौघांत अपमान करणे, यांस रिझर्व्ह बँकेची मनाई आहे. असे घडल्यास फोनची वेळ व क्रमांक टिपून बँकेकडे लेखी तक्रार द्यावी, तीस दिवस वाट पाहावी, आणि उत्तर न आल्यास वा असमाधानकारक आल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जावे. तेथे वकिलामार्फत केलेली तक्रार ग्राह्य धरली जात नाही. ती ऋणकोने स्वतः किंवा वकील नसलेल्या प्रतिनिधीमार्फत करावयाची असते, आणि तिला शुल्क पडत नाही.