ऊन न्हाणीघरात हवे, खोलीत नको!

गच्ची तापते म्हणून कूलर आणि आंघोळीला गरम पाणी हवे म्हणून गीझर, असा दुहेरी खर्च अनेक घरे वर्षानुवर्षे सोसतात. वास्तविक या दोन्ही प्रश्नांची उत्तरे एकाच जागी, छपरावर सापडतात. मात्र तेथील कामे योग्य क्रमाने केली तरच पैसा वाचतो. क्रम चुकला तर नवा खर्च आणि गळती पदरी पडते.

एप्रिलमधील दुपारी काँक्रीटच्या गच्चीवर अनवाणी पाऊल टेकवता येत नाही. पृष्ठभागाचे तापमान तेव्हा ६० अंश सेल्सिअसच्या घरात पोहोचलेले असते. हिवाळ्यातही दिवसभर त्याच गच्चीवर स्वच्छ ऊन पडत असते आणि खाली न्हाणीघरात विजेवर पाणी तापवले जात असते. वर फुकट मिळणारी उष्णता वाया घालवायची आणि खाली तीच विकत घ्यायची, असा हा उफराटा व्यवहार आहे.

जुन्या घरांचा हिशेब

मराठी घरांत तांब्याचा बंब ही पाणी तापवण्याची नामी सोय होती. मधल्या नळीत विस्तव आणि भोवताली पाणी अशी त्याची रचना असल्याने जाळाची बरीचशी उष्णता पाण्यातच उतरे. छपराचाही विचार झालेला असे. मराठवाडा आणि सोलापूर भागातील माळवदांवर लाकडी पाटणीवर मातीचा जाड थर असे. दुपारचे ऊन तो सहजासहजी आत पोहोचू देत नसे. कोकणात कौलांखाली माळा असे आणि तेथील तापलेली हवा कौलांच्या फटींतून बाहेर पडे.

ही व्यवस्था निर्दोष नव्हती. बंबाच्या धुराने डोळे चुरचुरत आणि माळवदाचे वजन प्रसंगी जिवावर बेते. ३० सप्टेंबर १९९३ रोजीच्या किल्लारी भूकंपात दगडमातीच्या भिंती व जड छपरे कोसळून हजारो माणसे दगावली. सिमेंट-काँक्रीटच्या स्लॅबने मजबुती आणली; परंतु मातीबरोबर ऊन अडवण्याचा तिचा गुणही गेला. त्याची भरपाई बहुतेक घरांत आजतागायत झालेली नाही.

स्लॅब रात्री का तापतो?

काँक्रीट उष्णता शोषून घेते, साठवते आणि सावकाश सोडते. दुपारी वरच्या बाजूने शिरलेली उष्णता पाच-सहा इंचांचा थर ओलांडून खाली येईपर्यंत काही तास जातात. त्यामुळे बाहेर वारा गार होऊ लागतो, त्याच वेळी वरच्या मजल्यावरील खोलीचे छत भट्टीप्रमाणे तापलेले असते. पंखा लावला तर छताजवळची गरम हवाच खाली ढकलली जाते. वृद्ध, तान्ही मुले आणि आजारी माणसे यांच्यासाठी ही केवळ गैरसोय नसते. शरीराला रात्रीही निवण्याची उसंत न मिळणे, हे उष्माघाताच्या काळात विशेष धोक्याचे असते.

छप्पर किती उष्णता आत सोडते, हे मोजता येते. आत आणि बाहेर एका अंशाचा फरक असताना, सहा इंचांच्या उघड्या स्लॅबच्या प्रत्येक चौरस मीटरमधून सुमारे सव्वातीन वॉट उष्णता पार होते. केंद्रीय ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने २०१८ मध्ये निवासी इमारतींसाठी तयार केलेल्या ‘इको निवास संहिते’त छपरासाठी हीच मर्यादा १.२ ठरवण्यात आली आहे. म्हणजे सर्वसाधारण स्लॅब या मर्यादेच्या अडीच पटींहून अधिक उष्णता आत घेतो. त्यावर दोन इंच जाडीचा चांगल्या प्रतीचा उष्णतारोधक फोमचा थर दिल्यास हा आकडा अर्ध्या वॉटच्या आसपास येतो.

चुन्यापासून फोमपर्यंत

सर्वांत स्वस्त उपाय पांढऱ्या रंगाचा. चुन्याची सफेदी किंवा ऊन परावर्तित करणारा खास रंग गच्चीला दिल्यास उन्हाचा मोठा भाग आल्या वाटेने परत जातो. अहमदाबाद शहराने २०१३ मध्ये उष्णतेच्या लाटांविरुद्ध कृती आराखडा आखला आणि पुढे त्यात अशा शीतल छपरांना स्थान दिले. तेलंगणाने २०२३ मध्ये त्यासाठी स्वतंत्र धोरणच जाहीर केले. मात्र पांढरा रंग धुळीने मळतो आणि मळला की त्याचा गुण उतरतो. म्हणून दरवर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर गच्ची धुणे आणि चुना असल्यास नवा हात देणे आवश्यक ठरते. पांढऱ्या फरशीच्या तुकड्यांचे चायना मोझॅक अधिक टिकाऊ असते.

दुसरा उपाय उष्णतारोधक थराचा. तो स्लॅबच्या वर दिल्यास उत्तम. त्यामुळे स्लॅब मुळातच कमी तापतो, त्याचे रोजचे प्रसरण-आकुंचन घटते आणि तडे जाण्याचे प्रमाणही कमी होते. मात्र हा थर पाणी न शोषणारा असावा. ओला झालेला रोधक थर ऊन अडवत नाही. उलट ओल धरून ठेवतो. त्यावर चालण्यासाठी सिमेंटचा पातळ थर आणि फरशी लागते. गच्चीवर काम करणे शक्य नसल्यास छताच्या आतील बाजूस रोधक पत्रे व फॉल्स सीलिंग बसवता येते. त्यात स्लॅब तापतच राहतो, पण त्याची झळ खोलीत कमी पोहोचते.

वजनाचा मुद्दा येथे विसरता कामा नये. गळती थांबवण्यासाठी महाराष्ट्रात विटांच्या तुकड्यांचा कोबा सर्रास केला जातो. त्याची सरासरी जाडी साडेचार इंच धरली, तर प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे दोनशे किलो भार पडतो. म्हणजे ५०० चौरस फुटांच्या गच्चीवर जवळजवळ नऊ टन! जुना कोबा न काढता त्यावर दुसरा चढवणे म्हणजे हाच भार दुप्पट करणे होय. जुन्या इमारतीत असे कोणतेही काम संरचना अभियंत्याच्या सल्ल्यावाचून करू नये.

पत्र्याच्या घरात उष्णता साठत नाही, पण ऊन पडताच घर तापते. तेथे वरून पांढरा रंग आणि आत पत्र्यापासून वीतभर अंतर सोडून बांबूच्या तट्ट्यांचे छत केल्यास फरक जाणवतो. मधल्या पोकळीतील हवा बाहेर जाण्यास दोन्ही टोकांना वाट हवी. उघडा थर्मोकोल मात्र लावू नये. तो चटकन पेट घेतो आणि विषारी धूर सोडतो.

गरम पाण्याचे गणित

चार माणसांच्या कुटुंबाला आंघोळीसाठी सुमारे ८० लिटर कोमट पाणी लागते. हिवाळ्यात २० अंशांचे पाणी ४२ अंशांपर्यंत नेण्यास जवळपास दोन युनिट वीज खर्ची पडते. महिन्याला ही साठ युनिटे झाली. महावितरणच्या घरगुती दररचनेत शंभर युनिटांपुढचा दर बराच चढा असल्याने लहान कुटुंबाचे बिल वरच्या टप्प्यात जाण्यास एवढी युनिटे पुरेशी असतात. गीझर घेताना ऊर्जाबचतीचे तारे पाहावेत, थर्मोस्टॅट ६० अंशांच्या पुढे नेऊ नये आणि अर्थिंग तपासून घ्यावे. बोअरवेलच्या जड पाण्याने आत क्षारांचा थर साचतो. तो दोन-तीन वर्षांतून एकदा साफ न केल्यास तीच वीज कमी पाणी तापवते.

गॅस गीझरबाबत एक इशारा अत्यावश्यक आहे. बंद न्हाणीघरात गॅस जळू लागला की तेथील प्राणवायू घटतो. ज्वलन अपुरे होऊन कार्बन मोनॉक्साइड हा रंग-वास नसलेला विषारी वायू तयार होतो. भोवळ आल्याचे समजेपर्यंत दार उघडण्याचेही त्राण उरत नाही. दर हिवाळ्यात अशा मृत्यूंच्या बातम्या येतात. त्यामुळे असा गीझर न्हाणीघरात बसवूच नये. तो बाहेर, उघड्या हवेत असावा आणि नळीने केवळ पाणी आत यावे.

बंब गच्चीवर

सौरबंब हा खऱ्या अर्थाने जुन्या बंबाचा वारस. शंभर लिटरच्या संचाला सुमारे दोन चौरस मीटरचा संग्राहक लागतो. त्यातील तापलेले पाणी हलके होऊन वरच्या टाकीत चढते आणि थंड पाणी खाली येते. पंपाची गरज पडत नाही. सपाट, काचेच्या संग्राहकात तांब्याच्या नळ्या असतात. तो टिकाऊ, पण जड पाण्याने त्याच्या नळ्या चोंदतात. काचनळ्यांचा संच स्वस्त असतो आणि जड पाण्यात अधिक तग धरतो. मात्र नळी फुटण्याची भीती राहते. संग्राहकाचे तोंड दक्षिणेला असावे. महाराष्ट्रात तो साधारण तीस अंशांच्या कोनात कलता ठेवल्यास हिवाळ्यात, म्हणजे गरज असते नेमक्या त्या काळात, ऊन अधिक मिळते. भर पावसाळ्यात पर्यायी व्यवस्था ठेवावीच लागते.

सर्वाधिक दुर्लक्ष होते ते नळ्यांकडे. गच्चीपासून तळमजल्यापर्यंत पाऊण इंची नळी वीस मीटर गेली असेल, तर तिच्यात सहा लिटरांहून अधिक पाणी मावते. गरम पाणी येण्याआधी तेवढे थंड पाणी दरवेळी वाहून जाते. म्हणून वाट शक्य तितकी आखूड ठेवावी आणि नळीवर रोधक वेष्टन चढवावे.

अनुदानाबाबतही गल्लत होते. सौरबंबासाठीचे केंद्राचे अनुदान २०१४ मध्ये थांबले. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या ‘पीएम सूर्यघर’ योजनेतील अनुदान वीजनिर्मितीच्या पॅनेलसाठी आहे. दोन्ही बसवायचे असल्यास जागेची आखणी आधीच करावी. पॅनेलची सावली संग्राहकावर पडता कामा नये.

आधी काय, मग काय?

अनेक घरांत घाईने सौरबंब बसवला जातो, स्टँडसाठी गच्चीला भोके पाडली जातात आणि पुढच्या पावसात छत ठिबकू लागते. मग गळती काढण्यासाठी तोच संच उतरवावा लागतो. हे टाळायचे तर क्रम असा ठेवावा:

- प्रथम गच्चीचे उतार, पन्हळी आणि तडे तपासून गळती बंद करावी.
- त्याच वेळी सौरबंब व पॅनेलच्या स्टँडसाठी काँक्रीटचे ओटे बांधून घ्यावेत, म्हणजे पुढे भोके पाडावी लागत नाहीत.
- त्यानंतर रोधक थर, फरशी किंवा पांढरा रंग द्यावा.
- शेवटी सौरबंब आणि वेष्टन असलेल्या नळ्या बसवाव्यात.

सहकारी गृहनिर्माण संस्थेत गच्ची सामाईक असते. ‘त्रास वरच्या मजल्याला, मग खर्च सर्वांनी का करायचा?’ हा वाद तेथे नेहमी रंगतो. परंतु झिरपणारे पाणी स्लॅबमधील लोखंड गंजवते तेव्हा धोका एका सदनिकेपुरता राहत नाही. आणि गच्चीवरच्या सौरबंबाचे पाणी सर्वांनाच मिळू शकते. दोन्ही कामांचा ठराव एकत्र मांडल्यास तळमजल्यावरच्या सभासदालाही त्यात स्वतःचा लाभ दिसतो. पावसाळ्यानंतर गच्ची पुरती वाळली की दिवाळीपासून होळीपर्यंतचा काळ या कामांना उत्तम. ठराव त्याआधीच्या वार्षिक सभेत झालेला असला, म्हणजे झाले.