भरलेली टपालपेटी

गेल्या महिन्यात पेठेतील एका कापड व्यापाऱ्यांनी चिंतेने बोलावले. दोन दिवस ई-मेल येईना, सुरतेचे बिल अडलेले. चिरंजीव नवा संगणक घेण्याच्या बेतात! दोष संगणकाचा नव्हताच. जीमेल, ड्राइव्ह व फोटो मिळून विनामूल्य असणारी 15 जीबी जागा ड्राइव्हवरील लग्नाच्या चित्रफितींनी व्यापली होती. शेठजी जुन्या बिलांची पत्रे पुसू लागले, त्यांना थांबवले. जीएसटीचे दप्तर वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून 72 महिने जपावे लागते. चित्रफिती हार्डडिस्कवर उतरवून, उघडून पाहून मगच पुसल्या. तरी जागा सुटेना! ड्राइव्हची कचरापेटी राहिली होती. पुसलेले तेथे 30 दिवस जागा अडवून असते. ती रिकामी केल्यावर काही वेळाने टपाल सुरू झाले. परत गेलेली पत्रे मात्र आपोआप येत नाहीत; सुरतेला दूरध्वनी करून बिल पुन्हा मागवले.