शरीरात शिरलेली बुरशी ओळखायची कशी?

शिळ्या भाकरीवरची बुरशी घरातल्या बाईला लगेच दिसते. गजकर्ण हाही बुरशीचाच विकार. तोही डोळ्यांना दिसतो. परंतु बुरशी रक्तात किंवा फुप्फुसात शिरली की दिसत नाही. ताप हटत नाही, नेहमीची अँटिबायोटिक औषधे बुरशीवर चालत नाहीत आणि निदान होईपर्यंत रोगी हातचा जातो.

२०२१ साली कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत महाराष्ट्राने हे अनुभवले. 'काळी बुरशी' म्हणजे म्युकरमायकोसिसने कित्येकांचा डोळा गेला, जबडा काढावा लागला. ती कुणाची करणी नव्हती की पूर्वजन्मीचे पाप नव्हते. आटोक्यात नसलेला मधुमेह आणि स्टेरॉइडचा बेसुमार वापर ही त्यामागची प्रमुख कारणे होती. दुःख आहे तर त्याला कारण आहे, ही तथागतांची शिकवण. रोगनिदानाचे शास्त्रही त्याच वाटेने चालते.

रक्ताचा नमुना प्रयोगशाळेत ठेवून त्यात बुरशी वाढते का पाहणे, ही जुनी पद्धत. तिला काही दिवस लागतात. शिवाय कॅन्डिडा जातीची बुरशी शरीरात खोल शिरलेली असली, तरी जवळपास निम्म्या रुग्णांत ती या तपासणीत सापडत नाही.

म्हणून शास्त्रज्ञ चोराऐवजी त्याच्या पाऊलखुणा शोधू लागले. बुरशी जगते, खाते, वाढते आणि काही द्रव्ये बाहेर टाकते. कॅन्डिडाच्या अनेक जाती डी-अरॅबिनिटॉल नावाचे साखरेसारखे द्रव्य तयार करतात. ते रक्तात व लघवीत वाढलेले आढळते. मात्र मूत्रपिंड बिघडले तरी ते वाढते. म्हणून त्याचे प्रमाण क्रिएटिनिनशी ताडून पाहावे लागते. अ‍ॅस्परजिलस ही बुरशी वाढताना आपल्या कवचातील गॅलॅक्टोमॅनन सोडते. त्याची तपासणी मोठ्या रुग्णालयांत होते. २०१४ साली अमेरिकेत बोस्टनच्या संशोधकांनी तर रुग्णाच्या श्वासातूनच या बुरशीची वायुरूप द्रव्ये ओळखून दाखविली. श्वासाची ही तपासणी अजून संशोधनाच्या पायरीवर आहे.

येथे एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. गॅलॅक्टोमॅननच्या तपासणीत काळी बुरशी सापडत नाही. ती तपासणी निर्दोष आली म्हणून निर्धास्त राहू नये. काळ्या बुरशीसाठी नाकातील किंवा सायनसमधील बाधित भागाचा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा लागतो. या आजारात एकेक दिवस मोलाचा असतो.

म्हणून बंधू-भगिनींनो, मधुमेही माणसाच्या चेहऱ्याची एक बाजू दुखू लागली, सुजली किंवा बधिर झाली, नाकातून काळपट स्राव आला, एकाचे दोन दिसू लागले, तर अंगारा-धुपारा न करता त्याच दिवशी मोठे सरकारी रुग्णालय गाठा. क्षयाचा औषधोपचार पुरा होऊनही खोकल्यातून रक्त पडत असेल, तर "बुरशी तपासली का?" असे डॉक्टरांना विचारा. विचारण्यात कमीपणा नाही. दुकानातून परस्पर स्टेरॉइड घेऊ नका. डॉक्टरांनी दिलेले असेल तर त्यांना न विचारता मध्येच बंदही करू नका.

बाबासाहेबांनाही मधुमेहाने फार त्रास दिला. त्यांच्या लेकरांनी तरी रक्तातील साखर वेळेवर तपासून घ्यावी. सरकारी दवाखान्यात त्यासाठी फार पैसे लागत नाहीत.